तळहातानं पाणी ऐकणारं चाचा

आमचं चाचा दोन्ही कानांनी ठार बहिरं. मागं फटाक्याची माळ लावली तरी मान वळायची न्हाय. पण नळाच्या पाईपावर तळहात टेकवला की डोळं मिटून सांगायचं, "पानी येतंय, पन रडत येतंय." आन् बादली लावून बघावं तर खरंच, धार करंगळीएवढी. माणसं कानानं ऐकत्यात, चाचा हातानं ऐकायचं. मला दोन धडधाकट कान हायत. तालमीत मोडून त्यांचा पार चुरा झालाय ते सोडा. ते कानसुद्धा कुस्तीत मोडलं न्हाईत, वस्तादानं पिळून पिळून मोडलं. तर अशा कानांचा उपयोग काय, असं आमची बायको गेली चाळीस वरसं विचारती, आन् ते मला ऐकू येत न्हाय.

चाचांचं कान गेलं उद्यमनगरात. तिथल्या एका कारखान्यात शेतावरची तेलाची इंजनं तयार व्हायची, आन् तयार झालेलं इंजन चालवून बघायचं काम चाचांकडं. पत्र्याची शेड, आत एका वक्ताला पाच-पाच इंजनं धडाडतायत, आन् मधी चाचा. वीस-बावीस वरसं त्यातच गेली. एक दिवस चाचांना वाटलं, आज शेड लई शांत हाय. भायेर आलं तर रस्तापण शांत. एक टांगेवाला तोंड वासून शिव्या देतोय, तोंड हलतंय, आवाज न्हाय. हे सांगताना दुसरा कुणी रडला असता. चाचा हसायचं. म्हणायचं, "पैलवान, लई बरं वाटलं बघ. बावीस सालात पैल्यांदा गप झालं सगळं." मग कारखाना सोडला, सायकलच्या दांडीला पिशवी अडकवली आन् घरोघरचं पाण्याचं पंप दुरुस्त करत फिरायला लागलं.

आता हा पैलवान कोण, तर मी. कोल्हापुरात जिकलेल्या पैलवानांचं फोटो दुकानादुकानांत लागल्यात. हरलेल्यांचं लावायचं ठरवलं तर माझा फोटो मोठा लावाय लागंल. तांबड्या मातीला माझ्या पाठीची जेवढी वळख हाय तेवढी माझ्या आईला न्हवती. जत्रंत एकदा जिकलो म्हणा, पण समोरच्याला ताप व्हता. शेवटाला वस्ताद म्हणालं, "बाबा, तुझ्या अंगात ताकद हाय, पण ती तुझं ऐकत न्हाय. दुसरं काय तरी कर." मी तालमीत आलो त्या दिवशी चारचौघांत बोललो व्हतो, मोठी कुस्ती मारल्याबिगर मिशी ठेवणार न्हाय. त्यामुळं तिशी उलटली तरी माझं तोंड चकचकीत. कोल्हापुरात बिनमिशीचा गडी म्हंजे बिनशिंगाचा बैल. पण त्या बिनमिशीचंच पुढं काय काय झालं, ते सांगतो.

शाळंचं म्हणाल तर पाटी घेऊन गेलतो. पाटी तिथंच राहिली, मी परत आलो. तर अशा माणसानं काय करायचं? मी इस्त्रीचं दुकान टाकलं. पुढं दुकान, मागं आमची खोली, त्याच्या मागं मोरी आन् धुण्याचा दगड. बायको सुशीला धुवायची, मी इस्त्री करायचो. जवळच्या एका नर्सिंग होमच्या चादरी आमच्याकडं यायच्या. रोजच्या तीस-चाळीस. सोड्यात उकळायच्या, आपटायच्या, जंतू मरायच्या औषधात बुडवायच्या, पिळायच्या. दोन वरसात सुशीच्या हाताची सालं निघाली, बोटाच्या पेरांत चिरा पडल्या. भाकरी थापताना पिठातलं मीठ झोंबायचं तर ही पीठ बिनमिठाचं मळायला लागली, आन् मी शाणा म्हणायचो, "सुशे, भाकरी आळणी झाली."

एक दिवस तिथल्या डॉक्टरीणबाईंनीच तिचं हात धरून उलटं केलं. म्हणाल्या, "सुशीला, हे हात आहेत का किसणी? सहा महिने या हातांना सोडा नको, औषध नको, पाणीसुद्धा जेवढ्यास तेवढं. नाहीतर बोटं आखडतील. मग भाकरी थापणं सोड, पदर सावरता येणार नाही." मग माझ्याकडं वळल्या. "पैलवान, धुणं तुम्ही करा की."

मी केलं. बायकोच्या वाटंचं सगळं धुणं केलं. पण पैलवानकीचा हात तो. चार चादरी पिळल्या, वाळत घातल्या तवा आठ झाल्या. बाईंनी त्यातली एक उलगडली आन् तिच्यातनंच माझ्याकडं बघितलं. त्यांचा अख्खा चेहरा मला दिसला, चष्म्यासकट. तिथनं पुढं मी इस्त्रीला उभा राहिलो की सुशी मागनं गपचीप दगडावर जायची. मी विचारलं की म्हणायची, "न्हाय वो, नुसत्या खंगाळल्या." मी पण इस्वास ठेवला, कारण ठेवणं सोयीचं व्हतं. मग एकदा एका धुतलेल्या चादरीवर इस्त्री फिरवताना कडंला गुलाबी डाग दिसला. म्हणलं पेशंटचा आसंल. पण धुवून आलेल्या चादरीवर पेशंटचा डाग राहील कसा? तो पाच बोटांतल्या दोन बोटांचा डाग व्हता. इस्त्री तशीच चादरीवर राहिली आन् ती चादर जळली. त्या दिवशी मी ठरवलं, काय बी करायचं, पण हिचं हात आता पाण्यात जाऊ द्यायचं न्हाईत.

डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यात कपडे धुवायची मशीन पडून व्हती. त्यांच्या भावानं परदेशातनं आणलेली, पण कोण वापरत न्हवतं. तिच्यावर फुलदाणी ठेवलेली. मी जाऊन उभा राहिलो. बाईंनी फुलदाणी उचलली आन् म्हणाल्या, "घेऊन जा. चालली तर तुमचीच."

त्या काळी, म्हंजे एकोणीसशे सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीला, आमच्या गल्लीत अशी मशीन कुणी बघितली न्हवती. मी ती हातगाड्यावरनं एकट्यानं उचलून आत घेतली आन् ताकद दाखवायच्या नादात दाराची चौकट काढली. बायकांनी हळद-कुंकू वाहिलं. नारळ फोडायला दगड सापडंना, तर मी मशिनीच्याच कोपऱ्यावर आपटला. नारळ फुटला न्हाय. मशिनीला पोचा पडला. बाईंच्या ड्रायव्हरनं पाईप जोडून दिलं, एक नळाला आन् एक मागं मोरीच्या भिंतीवर खिळ्याला अडकवून. म्हणाला, "पैलवान, ह्यात काय हात घालू नका." तो गेला आन् मी हात घातला.

पावसाळा व्हता. पंचगंगेला तांबडं पाणी आलं की नळालापण तांबडंच येतं, मग घरोघरी नळाच्या तोंडाला फडकं बांधत्यात. मी इचार केला, परदेशातली मशीन, हिच्या पोटात गढूळ पाणी घालायचं? पण नळाला तर पाईप लावलेला, फडकं बांधणार कुठं? मग पाईप काढला, आत फडकं कोंबलं, परत लावला. फडकं कशाचं ते मागनं सांगतो. आन् दुसरं, मोरीवरचा तो पाईप. तो वर खिळ्याला कशाला? पाण्याला उतार पायजे, हे शाळंत न गेलेल्यालापण कळतं. मी तो सोडला आन् सरळ खाली मोरीत घातला. लई शाणपणा केल्याचं समाधान वाटलं.

मशीन सुरू केली. घुर्रर करत पाणी घ्यायला लागली. चार बोटं पाणी झालं आन् पुढं सरकंना. अर्धा तास झाला, तास झाला, चार बोटं ती चारच बोटं. मी मशिनीला थापटलं, मग धपाटा घातला, मग धोबीपछाड सोडून सगळं केलं. बादलीनं पाणी ओतलं, दहा बादल्या, तरी चार बोटं. एक लाईटवाला आला, म्हणाला, मोटार जळाली, पार्ट बोटीनं मागवाय लागंल. सुशीनं पदर खोचला आन् दगडाकडं निघाली. मी आडवा झालो. "सुशे, थांब." ती म्हणाली, "अवो, सांजच्याला चादरी द्यायच्या हायत. किती दिस थांबू?" तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या व्हत्या. तेवढ्यात शेजारची आक्का भिंतीवरनं म्हणाली, "बहिऱ्या चाचाला बोलवा की. पंपाचं तेच बघत्यात."

चाचा आलं. पांढरी टोपी, पांढरी दाढी, सदऱ्याच्या खिशात तीन पेन्सिली आन् एक पान्हा. मशिनीकडं ढुंकून बघितलं न्हाय. एक बादली पालथी घातली, तिच्यावर बसलं, म्हणालं, "पैले पानी. मग मशीन." नळावर आलेल्या लोखंडी पाईपावर तळहात टेकवला आन् डोळं मिटलं. सुशीनं चहा आणून दिला तर दुसऱ्या हातानं बशीत ओतून प्यायला लागलं. एक हात पाईपावर, एक हातात बशी, डोळं आमच्याकडं. दहा मिंटं.

मी सुशीच्या कानाशी म्हणालो, "म्हातारं बहिरंच हाय का येडंपण हाय? पंपवाल्याला कपड्याच्या मशिनीतलं काय कळणार? चहा ढोसून जाईल बघ."

चाचांनी बशी खाली ठिवली. "बेटी, चहा झकास. पैलवान, तू मिशी ठेव."

"का वो चाचा?"

"मिशी असली की मला ओठ वाचता येत न्हाईत. तुझं तोंड म्हंजे शिनेमाचं पोस्टर हाय. लांबनं वाचता येतंय."

सुशी तोंडाला पदर लावून आत पळाली. मी मेल्यासारखा उभा. पुढं कळलं, कोल्हापुरात चाचा निम्म्या लोकांपुढं खरोखरचं बहिरं व्हतं, कारण निम्म्यांना झुबकेदार मिशा. बायकांचं आन् माझं तेवढं त्यांना सगळं ऐकू जायचं.

मग चाचांनी त्यांची ती ठेवणीतली गोष्ट सांगितली. ते कुठल्याबी घरात गेलं की ती सांगायचं, बंगला असो नायतर खोपटं. एक एक बोट उघडून सांगायचं. "हितं तिघं हायत. एक मशीन, एक पानी, एक मालक. मशीन खोटं बोलत न्हाय. पानी खोटं बोलत न्हाय. मग ऱ्हायला कोन?" असं म्हणून मालकाच्या तोंडाकडं बघत बसायचं. रागानं न्हाय, लेकराची परीक्षा असल्यावानी. "बोल पैलवान. काय केलंस?"

"म्या? म्या काय न्हाय केलं."

"काय न्हाय?"

"आईच्यान काय न्हाय."

"बरं." चाचांनी हात लोखंडी पाईपावरनं उचलला. "हितं पानी पळतंय." मशिनीच्या रबरी पाईपावर ठिवला. "आन् हितं सरपटतंय. मधी कोन तरी बसलंय." आन् जोड सोडवायला घेतला.

तवा दारात गल्लीतल्या पाच-सा बायका जमल्या व्हत्या. चाचांनी पाईपात दोन बोटं घातली, कापडाचं टोक सापडलं, ओढलं. तांबड्या चिखलानं माखलेली पट्टी भायेर आली. ओढतायत, येतीया. ओढतायत, येतीया. शेवटाला नाडी आली.

चाचांनी ती पट्टी दोन बोटांत वर धरली. "हे काय रे?"

मी बारीक आवाजात सांगितलं, "लंगोट हाय."

"क्काय?"

"लंगोट."

चाचांनी कानामागं हात धरला. "ऐकू येईना, मोठ्यानं बोल."

"लंगोट! माझा लंगोट हाय!" मी केवढ्यानं वरडलो म्हणताय, पार तालमीपर्यंत आवाज गेला आसंल. बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. ह्या माणसाला कान लागतच न्हाईत, ओठ वाचता येत्यात, हे माझ्या ध्यानात आलं तवर गल्ली फुटली व्हती. खोटं बोलल्याची शिक्षा मला मिळाली व्हती. घरात तेवढंच एक घट्ट विणीचं कापड सापडलं व्हतं, हे सांगायलापण कुणी मला सवड दिली न्हाय.

पाईप परत लावला. पाणी धो धो आलं. चार बोटं झालं, वीत झालं, आन् मग परत थांबलं. हसणं थांबलं. सुशी दारातनं बघत व्हती. तिनं चिंध्या बांधलेली बोटं बगलंत दाबून धरली व्हती. मला वाटलं संपलं.

चाचा उठलं न्हाईत. बादली सरकवत सरकवत मशिनीच्या मागं गेलं. खालच्या पाईपावर तळहात ठिवला. जरा वेळानं म्हणालं, "ह्यो पन बोलतोय. मशीन पानी पीत आसताना ह्येनं गप बसायचं आसतंय. हितनं सांडतंय." मग वर भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. नुसती तीन बोटं दाखवली.

"व्हय चाचा," मी म्हणालो. "त्यो वरच व्हता. म्या खाली घातला. उतार पायजे म्हणून."

"आन् आईची शपथ घेतलीस."

"ती आता न्हाय चाचा. वारली."

"तरीपन कशाला तरास देतोस तिला?"

एवढं साधं व्हतं. पाईप खाली असला की वरनं येईल तेवढं खालनं निघून जातं. तो पाण्याच्या वर धरला की पाणी आत राहतं. चाचांनी तो उचलला, पण मी उपसताना खिळा वाकवून ठिवला व्हता, पाईप टिकंना. चाचांनी हिकडं तिकडं बघितलं, तो लंगोट नळाखाली स्वच्छ धुतला, पिळला, आन् त्यानंच पाईप वरच्या खिडकीच्या गजाला बांधून टाकला. पैलवानी गाठ मारली. म्हणालं, "चीज चांगली हाय. जागा चुकली व्हती."

मशीन भरायला लागली. चाचा म्हणालं, "बेटी, हिकडं ये. हात ठेव." सुशी बिचकली. चाचांनी तिच्या बोटांवरच्या चिंध्या बघितल्या. तिनं तळहाताचा बरा भाग मशिनीच्या पत्र्यावर टेकवला. "गार लागतंय?" "व्हय." "जिथवर गार, तिथवर पानी. आता बघ, वर चढतंय." सुशीचा हात हळूहळू वर सरकायला लागला. पाण्याच्या बरोबरीनं. मी आजवर तिला देवळात पण तशी उभी राहिलेली बघितली न्हाय. मग खट्ट झालं, पाणी थांबलं, आन् मशीन फिरायला लागली. सुशी बाजूला झाली. पदराला हात पुसायला गेली, तर हात कोरडंच. माझ्याकडं बघून म्हणाली, "अवो, आता मी काय करू?"

जाताना चाचा मला म्हणालं, "ठेव आता मिशी."

"कुस्ती कुठं मारली चाचा?"

"लंगोट तुझा, डाव माझा. दोघांनी मिळून मारली. ठेव." मी ठिवली. ह्या कानापासनं त्या कानापर्यंत. गल्लीत मला इचारत्यात, पैलवान, कुठली कुस्ती मारली? मी सांगतो, परदेशी मल्ल व्हता, पांढरा, चौकोनी.

तिथनं पुढं सात-आठ वरसं चाचा आमच्याकडं येत राहिलं. काय बिघडलेलं नसलं तरी यायचं. पालथ्या बादलीवर बसायचं, तळहात ठेवायचं, चहा प्यायचं. उन्हाळ्यात नळाला दम न्हाय म्हटल्यावर आम्हाला पिंप उंच ओट्यावर चढवायला लावलं. "पानी गरीब हाय, त्येला वरनं सोडलं की जोर येतोय." दुकान बंद असंल त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जायचो, मशिनी हलवायला. एका साहेबाच्या बंगल्यात मशीन भरंना. साहेब म्हणाला, आम्ही काहीच केलं नाही. चाचांनी तीन बोटं उघडली. साहेबांना दाट मिशी, चाचांना काय वाचता येईना, तर म्हणालं, "पैलवान, तू बोल, साहेब काय म्हणतोय ते." मी साहेबाचं बोलणं चाचांना खाणाखुणांनी सांगतोय, माझ्यापण मिशीत ओठ गडप, असा खेळ झाला. शेवटाला साहेबांच्या आईनं कबूल केलं. दुपारची झोप मोडती म्हणून तिनंच भिंतीमागचा कॉक निम्मा बंद केलता. चाचांनी म्हातारीला हात जोडलं. "तुमीच तेवढं खरं बोलला."

त्यांच्या ईदच्या कपड्यांना इस्त्री मी करायचो. पैल्याच ईदला नव्या कोऱ्या सदऱ्याच्या पाठीवर इस्त्री ठिवून मी मशिनीकडं पळालो, कारण सुशीनं हाक मारली. सदऱ्यावर इस्त्रीचा अख्खा ठसा उठला. मी तोंड लपवत फिरलो. चाचांनी तोच सदरा घातला, ईदगाहला गेलं, आन् भेटंल त्याला पाठ दाखवून सांगत राहिलं, "पैलवानानं शिक्का मारून पाठवलंय." मग आमच्या घरी शीरखुर्म्याचा डबा घेऊन आलं. सुशीनं डबा दोन्ही हातांनी घेतला. तोवर तिच्या हातावरची सालं गेली व्हती. भाकरीत मीठ आलं व्हतं.

मग चाचांचा हात जायला लागला. आधी साखरंचं दुखणं झालं, मग बोटांना मुंग्या, मग तळहात बधीर. त्यांनी कुणाला सांगितलं न्हाय. आम्हाला कळलं ते सुशीमुळं. चाचा पाईपावर हात ठेवून जास्त वेळ बसायला लागलं. मग हाताबरोबर मनगट टेकवून बघायचं, मग एकदा गाल टेकवला. एकदा चहाची बशी तापलेली व्हती, आम्हाला धरवंना, चाचांनी ती निवांत धरली. सुशी त्या दिवशी भांडी घासता घासता मधीच थांबली. म्हणाली, "अवो, त्यांच्या हाताला ऐकू यायचं बंद झालंय." मी हसणार व्हतो. हसलो न्हाय.

चाचांची लेक चंदगडला दिलेली. चाची कवाच गेलती, म्हातारा एकटाच. जावई न्यायला आला. निघायच्या दिवशी चाचा निरोप घ्यायला आलं, जावई रिक्षा घेऊन कोपऱ्यावर थांबला. मी म्हणालो, "चाचा, चंदगडला पाऊस लई." चाचांना माझ्या मिशीतलं काय दिसलं न्हाय. सुशीनं तेच परत सांगितलं. चाचा म्हणालं, "बरं की. तिथं पाईपाला हात लावायला नको. वरनं पडतंय ते दिसतंय."

आन् सवयीनं बादली पालथी घालून बसलं. पाईपावर तळहात ठिवला, डोळं मिटलं.

त्या दिवशी कळंब्याकडची मोठी लाईन फुटली व्हती. सकाळपासनं गल्लीत थेंब न्हवता, पिंपपण रिकामं. सुशीनं चादरी घालून मशीन चालू करून ठिवली व्हती, पाणी येईल तवा येईल म्हणून. मशीन नुसती घुरघुरत व्हती. रबरी पाईप पोटातलं काढून घेतल्यासारखा चपटा पडलेला. चाचांनी त्यावर हात ठेवून मान डोलावली.

"झकास," चाचा म्हणालं. "भरतंय."

सुशीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. चाचांनी डोळं उघडलं. आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, तिथं मिशी. मग सुशीच्या तोंडाकडं बघत राहिलं.

"व्हय चाचा," सुशी म्हणाली, एक एक अक्षर सुटं करून, त्यांना नीट वाचता यावं असं. "काठोकाठ भरतंय."

मग चाचांनी नेहमीसारखं बोट उघडलं. "मशीन खोटं बोलत न्हाय." दुसरं उघडलं. "पानी खोटं बोलत न्हाय." तिसरं उघडलं न्हाय. मूठ तशीच मिटली. मग सुशीचा हात हातात घेतला, उलटा केला, डॉक्टरीणबाईंनी केलता तसा, आन् अंगठा तिच्या बोटांवरनं फिरवला. "मला कळत न्हाय आता," म्हणालं, "पन दिसतंय. बरं झालंत हात." आन् उठलं.

त्यांना कळलं का न्हाय, ह्यावरनं सुशी आन् मी अजून भांडतो. ती म्हणती कळलं. मी म्हणतो, कळलं असतं तर त्यांनी गल्लीत वरडायला लावलं असतं.

पुढच्या पावसाळ्यात चंदगडच्या एसटीचा कंडक्टर सांगावा घेऊन आला. इस्त्री बंद केली, कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडं गेलो, पाटावर बसलो आन् म्हणालो, "मिशी काढ."

न्हाव्याचा वस्तरा थांबला. आमच्यात मिशी कवा काढत्यात ते त्याला ठाऊक. हळू आवाजात म्हणाला, "पैलवान, तुमचं वडील तर मागंच गेलतं न्हवं? आता कोण गेलं?"

मी म्हणालो, "माझं ओठ वाचणारं गेलं."

घरी आलो. सुशीनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मशीन भरत व्हती, लंगोटानं बांधलेला पाईप गजाला तसाच व्हता. ती मागं जाऊन उभी राहिली आन् पत्र्यावर तळहात टेकवला. जिथवर गार, तिथवर.